पडद्यावरचा बिंदू आणि पाण्याखालचा तळ

प्रस्तावना

भर समुद्रात आपली बोट या घटकेला नेमकी कोठे आहे, हा प्रश्न ज्याने जबाबदारीच्या जाणिवेने एकदा तरी स्वतःला विचारला आहे, आणि ज्याच्या उत्तरावर आपल्यासह चार-सहा जिवांचे क्षेम अवलंबून आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गेल्या तीन-चार दशकांत नौकानयनशास्त्रात झालेले स्थित्यंतर केवढे मोठे आहे हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. ज्या उत्तरासाठी माणसाने शतकानुशतके तारे न्याहाळले, गणिते मांडली, घड्याळे घडविली आणि कित्येकदा प्राणही वेचले, ते उत्तर आता एरवी बोलण्यासाठी, पत्रव्यवहारासाठी आणि छायाचित्रे काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, खिशात मावणाऱ्या एका यंत्राच्या काचेवर, काही मीटरांच्या अचूकतेने, सेकंदासेकंदाला नवे होऊन उमटते. शिडाच्या बोटीवर मार्ग काढण्यासाठी या हातातल्या यंत्राचा उपयोग कसा करावा, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. या विषयाचे संपूर्ण प्रांगण मराठी वाचकाला, विशेषतः नुकतेच शीड हाताळू लागलेल्या तरुण वाचकाला, आरंभीच एकवार हिंडवून दाखवावे अशी लेखकांची इच्छा असल्यामुळे ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहीत आहे.

हातात धरून मार्ग शोधण्याचे साधन ही कल्पना आपल्या समुद्राला नवी नाही. अरब आणि हिंदी दर्यावर्दी ‘कमाल’ नावाचे एक साधन बाळगीत. लाकडाची एक छोटी आयताकृती फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली गाठी मारलेली दोरी, एवढाच त्याचा संभार. दोरी दातांत धरून ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवाला लावायची, आणि कोणत्या गाठीपाशी हा मेळ बसतो ते पाहायचे. प्रत्येक गाठ म्हणजे एका बंदराचा अक्षांश. मुंबईच्या अक्षांशावर ध्रुव सुमारे १९ अंश उंच दिसतो. तेवढ्या उंचीची गाठ लागली की त्या रेषेवरून पूर्वेला वळायचे आणि किनारा दिसेपर्यंत चालायचे. आजच्या यंत्रात आपण इष्ट ठिकाणाचा बिंदू आधी नोंदवून ठेवतो आणि यंत्र त्याच्याकडे बोट दाखविते. त्या दोरीच्या गाठीही याच जातीच्या नोंदी होत्या. कमाल वापरणाऱ्या नाखव्याला आपले साधन उत्तर-दक्षिण जाणते, पूर्व-पश्चिम जाणत नाही, आणि किनाऱ्याजवळच्या खडकांविषयी तर त्याला काहीच ठाऊक नाही, हे पक्के माहीत होते. साधनाचा अंमल कोठवर चालतो याचे हे ज्ञान, माझ्या मते, साधनाइतकेच मोलाचे होते.

युरोपात या शास्त्राचा पुढचा विकास झाला तो रेखांशाच्या कोड्याभोवती. ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये समुद्रावर रेखांश काढण्याच्या रीतीसाठी बक्षीस जाहीर केले, हॅडलीने १७३१ मध्ये सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या साधनाचा पूर्वज सिद्ध केला, आणि जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्य खर्ची घालून बनविलेल्या घड्याळाची १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर कसोटी झाली. छोट्या शिडाच्या बोटीवर मात्र क्रोनोमीटर, पंचांग आणि सेक्स्टंट यांचा हा सरंजाम फार उशिरा आणि फार अडचणीत पोचला. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा त्याच्याजवळ एका डॉलरला घेतलेले पत्र्याचे घड्याळ होते, आणि त्याचा मुख्य आधार होता तो होकायंत्र, वेग आणि काळ यांच्या हिशोबातून काढलेल्या अनुमानित स्थानाचा. हलत्या, भिजत्या, कललेल्या डेकवरून सूर्य क्षितिजाला टेकवून दोन-चार मैलांच्या आत आपले स्थान काढता आले तर नाविक स्वतःला धन्य मानीत असे. त्या काळचा नाविक बिंदूवर विसंबत नव्हता, कारण नेमका बिंदू त्याला कधीच लाभला नव्हता. तो एका अनिश्चित वर्तुळात राहत असे आणि त्या वर्तुळाची कड खडकापासून किती दूर आहे याची सदैव विवंचना करीत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यास रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या डेका आणि लोरान या यंत्रणा आल्या, १९६७ पासून अमेरिकेची ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहयंत्रणा नागरी जहाजांना खुली झाली. पण या साऱ्यांचा लाभ बव्हंशी मोठ्या जहाजांना. खरा बदल घडविला तो १९७३ मध्ये योजना आखलेल्या आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडलेल्या जी.पी.एस. यंत्रणेने. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले, आणि त्या आघातानंतर ही लष्करी यंत्रणा नागरिकांनाही खुली केली जाईल असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चार उपग्रहांचे कालसंकेत एकाच वेळी मिळाले, तर ते पोचायला लागलेल्या सूक्ष्म कालावधीवरून आपले स्थान निघते, हे तिचे मर्म. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीने हातात धरता येईल असे पहिले व्यापारी यंत्र विक्रीस आणले. त्याची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती आणि ते केवळ आकडे दाखवीत असे. ते आकडे घेऊन नकाशाच्या मेजावर जायचे आणि पेन्सिलीने खूण करायची, हा शिरस्ता पुढची कित्येक वर्षे चालू राहिला. लष्करी कारणांसाठी नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि शंभरेक मीटरांची अचूकता एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आली. जी.पी.एस.च्या जोडीला रशिया, युरोप आणि चीन यांच्याही यंत्रणा आल्या. आपल्या इस्रोने जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात सात उपग्रहांची मालिका उभी केली, तिचे नाव ‘नाविक’. आजचे चांगले यंत्र यांपैकी अनेकांचे संकेत एकत्र ऐकते.

यानंतरची पायरी म्हणजे नकाशा आणि बिंदू यांचे एकाच काचेवर झालेले मीलन. इटलीत १९८० नंतरच्या दशकात बोटीवर पक्के बसविलेले पहिले चार्टप्लॉटर निघाले. २००८ च्या सुमारास मोबाइलमध्ये जी.पी.एस. सर्रास येऊ लागले, २०१० मध्ये मोठ्या काचेचे टॅब्लेट आले, आणि नेव्हिऑनिक्ससारख्या कंपन्यांचे नकाशे किंवा ओपन-सीपीएनसारखी विनामूल्य प्रणाली घेऊन कोणीही आपले नकाशाचे मेज उचलून सुकाणूपाशी नेऊ शकला. मेज सुकाणूपाशी गेले, हा या इतिहासातला शेवटचा आणि छोट्या बोटीच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल होय. एकट्याने किंवा दोघांनी चालविलेल्या बोटीवर सुकाणू सोडून खाली केबिनमध्ये उतरणे हाच मुळात धोका असतो. खाली गेलेली दोन मिनिटे म्हणजे न पाहिलेल्या समुद्राची दोन मिनिटे. ज्याची नजर लाटांवर आणि शिडावर आहे त्याच्याच हाताशी नकाशा असणे, हे या यंत्राचे खरे भूषण आहे, आणि त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

इथवर सारे यशाचेच वर्णन झाले. परंतु या ग्रंथाच्या केंद्रस्थानी जो विचार आहे, आणि ज्याच्यामुळे मला तो मोलाचा वाटतो, तो येथून पुढे सुरू होतो. काचेवर आपण जे पाहतो त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शाईने रेखलेल्या असतात. एक आपल्या बोटीचा बिंदू, जो उपग्रहांनी आत्ता, या क्षणी मोजलेला आहे. दुसरी त्या बिंदूखालची समुद्राची खोली, जी कोणीतरी, केव्हातरी, कोणत्यातरी साधनाने मोजलेली आहे. पहिल्याची अचूकता पाच-दहा मीटरांची. दुसऱ्याची पाच मीटरांची असेल किंवा पाचशे मीटरांचीही असेल, आणि काच त्या दोहोंतला भेद आपण होऊन सांगत नाही. बिंदू जितका स्थिर आणि तेजस्वी, तितका त्याच्या खालच्या नकाशावरही आपला इतबार नकळत बसतो. आपल्या पूर्वसूरींना स्थानाविषयी संशय होता म्हणून ते खडकाला दुरून वळसा घालीत. आपल्याला स्थानाविषयी संशय उरला नाही म्हणून आपण खडकाच्या अगदी कडेने जाण्याचे धाडस करतो, आणि तो खडक मात्र शंभर वर्षांपूर्वी एखाद्या सर्वेक्षकाने जेथे आखला तेथेच नकाशावर बसलेला असतो.

नकाशांच्या या जुनाटपणाची किंमत हिंदी महासागराने अनेकदा वसूल केली आहे. जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटिश खलाशी १७८६ मध्ये ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजावर अधिकारी असताना, नकाशा सदोष असल्यामुळे ते जहाज दिएगो गार्सिया बेटावर आदळून फुटले. तेथून सुटून तो मुंबईला आला आणि पुढची वर्षानुवर्षे जेथे जाईल तेथे निरीक्षणे टिपून पूर्वेच्या समुद्रांचे नकाशे सुधारण्यात त्याने घालविली. १८१० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलालेखनाधिकारी झाला आणि त्याने रचलेल्या मार्गदर्शिकेवर पिढ्यान्‌पिढ्या कप्तान विसंबले. या एका माणसाच्या चरित्रात जलालेखनाचे सारे तत्त्व साठविलेले आहे: नकाशा हा निसर्गाचा हुबेहूब आरसा नसून माणसांच्या साक्षींचा संग्रह आहे, आणि साक्षीदार कोण, त्याने कधी आणि कशाने पाहिले, ही चौकशी केल्यावाचून त्याची जबानी स्वीकारता येत नाही. दोरीला शिसे बांधून वावांत खोली मोजणाऱ्या सर्वेक्षकाला दोन मोजणींच्या मधला सुळका सापडला नाही, यात त्याचा कसूर नव्हता. आज अनेक किरणांच्या प्रतिध्वनियंत्राने तळाचा इंच न् इंच उजळता येतो, पण ते काम बंदरांच्या आणि मोठ्या जहाजमार्गांच्या वाट्याला आधी येते. आडवळणाच्या खाड्या मागे राहतात.

या चौकशीची सोय नकाशांत केलेली आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार प्रत्येक अधिकृत विद्युत-नकाशात त्या त्या भागाच्या विश्वसनीयतेची प्रत नोंदलेली असते. सर्वोत्तम प्रतीत स्थानाची चूक पाच मीटरांच्या आत, ‘बी’ प्रतीत पन्नास मीटरांपर्यंत, ‘सी’ प्रतीत पाचशे मीटरांपर्यंत, आणि ‘डी’ प्रतीत त्याहूनही अधिक धरावी, असा संकेत आहे. हातातल्या यंत्रावर हा तपशील पुष्कळदा दोन-तीन पडद्यांच्या आड लपलेला असतो किंवा मुळी दिलेलाच नसतो. जुन्या नकाशांबाबत आणखी एक अडचण येते. आपल्याकडचे जुने सर्वेक्षण १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराविषयीच्या वेगळ्या गृहीतावर बेतलेले आहे; उपग्रह १९८४ चे जागतिक गृहीत वापरतात. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश या दोन गृहीतांनुसार वेगळे येतात, आणि जगाच्या काही भागांत हा फरक शेकडो मीटरांवर जातो. जुन्या कागदी नकाशाचे छायाचित्र घेऊन ते यंत्रात भरणाऱ्या उत्साही मंडळींनी नकाशाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला हा मजकूर आधी वाचला पाहिजे.

हॉर्सबर्गनंतरचा दुसरा दाखला अलीकडचा आहे आणि तोही याच महासागरातला. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री, केप टाउनहून अबूधाबीकडे निघालेल्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही बोट, मॉरिशसच्या ईशान्येस सुमारे ४३० किलोमीटरांवर असलेल्या कार्गादोस काराहोस नामक प्रवाळभित्तीवर पूर्ण वेगाने जाऊन आदळली. बोटीवर जगातले निष्णात खलाशी होते, उत्तमोत्तम यंत्रे होती, उपग्रह यथास्थित काम करीत होते आणि बोटीचा बिंदू बिनचूक होता. नकाशातही ती प्रवाळभित्ती होती. पण मोठा प्रदेश एकदम दिसावा म्हणून नकाशा आकुंचित करून पाहिला असता ती धोका म्हणून नजरेत भरत नव्हती, पुरेसे मोठे करून पाहिले तरच ती प्रकट होत होती, आणि जेथून मार्ग आखला होता तेथे तसे मोठे करून पाहिले गेले नव्हते. सुदैवाने सर्व माणसे वाचली, आणि नंतर झालेल्या स्वतंत्र चौकशीने विद्युत-नकाशांच्या वापरातल्या उणिवांवर बोट ठेवले. कागदी नकाशावर जे छापले आहे ते सदैव दिसते. विद्युत-नकाशा मात्र आपण किती जवळून पाहतो त्यावर काय दाखवायचे आणि काय झाकायचे ते ठरवितो. आखलेल्या मार्गाची संपूर्ण रेषा सर्वांत मोठ्या प्रमाणावर, इंचाइंचाने सरकवीत, एकदा तरी तपासल्यावाचून बोट हाकारू नये, हा नियम मी या विषयातला पहिला नियम मानतो.

आपल्या कोकणच्या पाण्यात बिंदू आणि तळ यांच्यातला हा भेद आणखी वेगळ्या रूपांनी भेटतो. अर्नाळा, वसई, वर्सोवा या बाजूला कोळी बांधवांची डोलीची जाळी समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात. ती कोणत्याही नकाशात नाहीत, हंगामागणिक त्यांची जागा बदलू शकते, आणि काळोखात त्यांत अडकलेली बोट काढायला पहाट होते. ती कोठे आहेत हे त्या बंदरातल्या तांडेलाला विचारणे एवढा एकच उपाय आहे. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरांच्या आसपास चढते आणि भांगाच्या दिवसांत त्याची चढउतार बरीच मंदावते. नकाशातली खोली नीचतम ओहोटीच्या पातळीवरून मोजलेली असते, म्हणून काचेवरचा आकडा हा त्या घटकेच्या पाण्याचा आकडा नव्हे. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे पावसाळ्यात सरकतात आणि दिवाळीनंतर शीड उभारणाऱ्याला गतवर्षीचा मार्ग जसाच्या तसा सापडेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. बंदरात शिरताना बाणकोटला किंवा दाभोळला स्थानिक होडीच्या मागोमाग जाणारा नाविक यंत्राचा अपमान करीत नाही. नकाशाहून ताजी साक्ष त्याला मिळाली आहे, इतकेच.

अशा या साधनाविषयी नाविकांत मतभेद नसते तरच नवल. कागदी नकाशा हाच मुख्य आणि यंत्र हे साहाय्यक मानणाऱ्यांचा एक जुना, आदरणीय पंथ आहे; दर तासाला नोंदवहीत स्थान लिहावे आणि नकाशावर खूण करावी, म्हणजे यंत्र बंद पडले तरी शेवटचा बिंदू हाती राहतो, हे त्याचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे. दुसरा पंथ बोटीवर पक्क्या बसविलेल्या प्लॉटरचा: जहाजाच्या बॅटरीवर चालणारा, पाण्याला न जुमानणारा, भिजल्या हातांनी कळा दाबता येणारा. तिसरा, संख्येने वेगाने वाढणारा, केवळ हातातल्या यंत्रांवर भिस्त ठेवणारा. दोन मोबाइल आणि एक टॅब्लेट, तिघांत तेच नकाशे उतरवून ठेवलेले, म्हणजे एक गेले तर दुसरे उभे, असा त्यांचा बंदोबस्त असतो, आणि छोट्या बोटीच्या माफक खर्चात तो वाजवी ठरतो. यांतल्या कोणाचाच पूर्ण पाडाव व्हावा असे मला वाटत नाही.

या सर्वांहून वेगळा, यंत्रत्यागाचा पंथ आहे आणि त्यात आपल्या देशाचे नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तिच्यावरूनच कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती न थांबता पुरी केली, या सफरी अर्थातच आधुनिक यंत्रांच्या साहाय्याने झाल्या. त्यानंतर टॉमी यांनी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत भाग घेतला. तेथे उपग्रहाधारित स्थाननिश्चितीला बंदी असते. सेक्स्टंट, होकायंत्र आणि कागद यांवरच मार्ग काढायचा, आणि जी.पी.एस. मोहोरबंद पेटीत, केवळ प्राणसंकटासाठी. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि उपग्रहांमार्फत गेलेल्या संकेतांवरून त्यांचा ठावठिकाणा लागून फ्रान्सच्या एका जहाजाने त्यांना वाचविले. पुढे २०२२-२३ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. सेक्स्टंटने महासागर ओलांडता येतो हे त्यांनी सिद्ध केले, आणि प्राण वाचविण्याच्या कामी उपग्रहाला पर्याय नाही हेही त्यांच्याच अनुभवाने सिद्ध झाले. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात मान्य करण्याची तयारी ठेवूनच या विषयाचा अभ्यास करावा.

यंत्राच्या अंगच्या मर्यादा वेगळ्या आहेत, आणि त्या जाणून घेतल्या तर सहज आवरता येतात. काही टॅब्लेटांच्या केवळ वाय-फाय असलेल्या प्रतींत जी.पी.एस.चा ग्राहकच नसतो, ही गोष्ट विकत घेताना दुकानात कळली पाहिजे. नकाशे किनाऱ्यावर असतानाच उतरवून ठेवावे लागतात, कारण काही मैलांवर मोबाइलचा संपर्क तुटतो. उपग्रहाचे संकेत मात्र संपर्काविनाही मिळत राहतात, हा फरक नवख्याच्या ध्यानी येत नाही. कोकणातल्या वैशाखाच्या उन्हात काळ्या काचेचे यंत्र तापून आपोआप बंद पडते. खारे पाणी काचेवर पडले की ते बोटांचा स्पर्श समजून यंत्र भलत्याच आज्ञा पाळू लागते. भिजलेल्या भोकातून ते विद्युतभार घेण्याचे नाकारते. ध्रुवीकृत काचेच्या चष्म्यातून पाहिले तर काही पडदे एका विशिष्ट कोनात चक्क काळे दिसतात. आणि मोबाइलमध्ये चुंबक असते: ते यंत्र होकायंत्राशेजारी ठेवले तर सुई खेचली जाते आणि ज्या साधनावर यंत्र बिघडल्यावर विसंबायचे, तेच साधन खोटे बोलू लागते.

आता एक प्रसंग जवळून पाहू, कारण हातातले यंत्र शिडाच्या बोटीला खरोखर काय देते ते त्यावाचून कळणार नाही. ऐन ओहोटीच्या वेळी गेटवेहून मांडव्याला निघालेल्या बोटीची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, मांडव्याच्या धक्क्यावर रोखलेली आहे, होकायंत्र तेच सांगते आहे, डोळ्यांनाही तसेच दिसते आहे. काचेवर मात्र बिंदूपुढे निघालेली रेषा, जी बोट जमिनीच्या हिशोबाने प्रत्यक्ष कोठे चालली आहे ते दाखविते, धक्क्याच्या पश्चिमेला, थळ-खांदेरीच्या बाजूला झुकलेली असते. नाळेची दिशा आणि या रेषेची दिशा यांच्यामधला कोन म्हणजेच बाहेर ओढणारे पाणी आणि बोटीला आडवे सरकविणारा वारा. जुन्या नाविकाला हा कोन त्रिकोण मांडून काढावा लागे. तो आता डोळ्यांपुढे जिवंत असतो आणि नाळ थोडी पूर्वेला घेतली की रेषा धक्क्यावर येऊन बसते. पण बोट अगदी वाऱ्याच्या तोंडावर निघालेली असेल तर हेच यंत्र फसवे होते. शिडाची बोट वाऱ्याच्या सुमारे ४५ अंशांच्या आत चालू शकत नाही. तिला टॅक घेत नागमोडी जावे लागते, आणि यंत्राने सरळ रेषेवरून सांगितलेली पोचण्याची वेळ त्या बोटीला लागूच पडत नाही. आपोआप मार्ग आखून देणारी सोयही बव्हंशी इंजिनाच्या बोटीचा विचार करून केलेली असते. माणूस पाण्यात पडला तर दाबायच्या कळीचेही तसेच: कळ दाबताच ती जागा नोंदली जाते, पण ती जागा जमिनीशी बांधलेली असते आणि माणूस पाण्याबरोबर वाहत असतो, त्याला शोधायचे ते त्या खुणेपासून ओढीच्या दिशेने. नांगराचा पहारा ठेवणारे वर्तुळसुद्धा नांगर टाकल्या क्षणी, नांगराच्याच जागी केंद्र धरून लावावे. साखळी सोडून बोट मागे सरकल्यावर लावले तर वर्तुळाचा मध्य चुकतो आणि पहारा खोटा ठरतो.

हे सारे आजच का सांगायला हवे, याला तीन कारणे आहेत आणि त्यांतले पहिले माझ्या मनाला सर्वाधिक टोचते. कागदी नकाशा जगाच्या दप्तरातून हळूहळू उठतो आहे. अमेरिकेच्या जलालेखन खात्याने २०१९ मध्ये जाहीर करून आपले पारंपरिक कागदी नकाशे पाच-सहा वर्षांत बंद केले. ब्रिटिश खात्याने २०२६ ची मुदत आधी ठरविली आणि मग ती निदान २०३० पर्यंत पुढे ढकलली. आपला देहरादूनचा राष्ट्रीय जलालेखन विभागही विद्युत-नकाशे काढतो. पुढच्या पिढीचा नाविक कागदावरून शिकून काचेकडे येणार नाही. तो काचेवरच शिकेल, आणि नकाशा वाचण्याची विद्या काचेतच शिकवावी लागेल.

दुसरे कारण संकेतांच्या असुरक्षिततेचे. उपग्रहाचा संकेत इतका क्षीण असतो की त्यात अडथळा आणणे किंवा खोटा संकेत घुसविणे अवघड नाही. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातल्या अनेक जहाजांची यंत्रे ती जहाजे किनाऱ्यावरच्या विमानतळावर उभी असल्याचे सांगू लागली; मे २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे मालवाहू जहाज रुतले, तेव्हाही संकेतांतल्या हस्तक्षेपाचाच संशय व्यक्त झाला. मुंबईहून आखाताकडे किंवा सुवेझकडे जाणाऱ्याच्या मार्गावरचेच हे पाणी आहे. दीपगृहाचा दिशाकोन, खोलीमापकाचा आकडा आणि डोळ्यांनी दिसणारा डोंगर, या तिघांना उपग्रहाशी काही देणेघेणे नसते. म्हणून बिंदूची खातरजमा त्यांच्याकडून करून घेण्याची सवय लावून घ्यावी लागते. १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या खांदेरीच्या दीपगृहाचे महत्त्व, या दृष्टीने, कमी न होता वाढले आहे.

तिसरे कारण असे की हे यंत्र आता केवळ हौशी शीडवाल्यांचे राहिलेले नाही. २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कित्येक मच्छीमार बोटी आपल्या देवगड बंदरात आश्रयाला आल्या. मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेलेल्यांना इशारा पोचविण्याचे साधन नव्हते, हे त्या आपत्तीने सर्वांना दाखवून दिले. २०१९ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेने विमानतळ प्राधिकरणाच्या सहकार्याने ‘जेमिनी’ हे उपकरण काढले. ते उपग्रहाकडून वादळाचे इशारे आणि मासळीच्या जागांची माहिती घेते आणि खलाश्याच्या मोबाइलला देते. ज्या यंत्रावर कोळी तांडेलाची उपजीविका आणि सुरक्षितता दोन्ही अवलंबून आहेत त्याच्या उपयोगाची भाषा मराठी असायला हवी, ही लेखकांची भूमिका मला मनापासून मान्य आहे.

प्रस्तुत ग्रंथ कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राची वापरपुस्तिका नाही. कळा आणि पडदे दर दोन वर्षांनी बदलतात. त्यांच्यामागचे प्रश्न बदलत नाहीत. लेखकांनी प्रत्येक ठिकाणी आधी प्रश्न मांडला आहे — माझे स्थान कोणी मोजले, हा तळ कोणी मोजला, हे पाणी मला कोठे नेते आहे, हे यंत्र आत्ता बंद पडले तर माझ्याजवळ काय उरते — आणि मग त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रातून, कागदातून आणि डोळ्यांतून कसे मिळवावे ते दाखविले आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई ते वेंगुर्ला या पट्ट्यातली निवडल्यामुळे वाचकाला ती आपल्या पाण्यावर पडताळून पाहता येतील. सेक्स्टंटचे प्रकरण थोडक्यात आटोपले आहे, त्याला आणखी पाने द्यायला हवी होती असे मला वाटते. उलट बॅटरी आणि विद्युतभाराच्या बंदोबस्ताविषयी जे सविस्तर विवेचन आहे ते इतक्या स्वच्छ शब्दांत मी अन्यत्र वाचलेले नाही. लेखकांना मी एवढीच शिफारस केली होती की नकाशांच्या विश्वसनीयतेचे प्रकरण यंत्राच्या मांडणीच्या प्रकरणाआधी यावे, आणि ती त्यांनी मान्य केली. वाचकांनीही तोच क्रम पाळावा, आणि ते प्रकरण वाचताना आपल्या नेहमीच्या बंदराचा नकाशा यंत्रावर उघडून त्याच्या सर्वेक्षणाचे वर्ष कोणते आहे ते शोधून काढावे.